सरका जी, जागा होते

माझ्या वकिलीचं सगळ्यात मोठं नुकसान कोणी केलं असेल, तर ते हौसलाल काकाजी नावाच्या एका रिटायर बस कंडक्टरने. न्यायाधीश नाही, विरुद्ध बाजूचे वकील नाहीत. कंडक्टर! देवरीच्या कोर्टात मी उन्हाळ्यातसुद्धा काळा कोट चढवून बसतो. चिचगडकडून पक्षकार येतात, आमगावकडून येतात, छत्तीसगडची हद्द ओलांडूनही येतात. पण हायवेवरच्या त्या एका टोल्यावरून, म्हणजे छोट्या वस्तीवरून, कोणी म्हणजे कोणी येत नसे. टोल्याचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. उगाच उद्या आणखी चार गावांनी त्यांचा आदर्श घ्यायचा आणि माझं टेबल उठायचं.

काकाजी त्या गावच्या तंटामुक्त समितीचे अध्यक्ष होते. एक दावा हातात येऊन विरला, तो सोडला तर त्या गावातून माझ्याकडे आजवर दोनच प्रकरणं आली. एक काकाजींनी स्वतः आणलं आणि दुसरं त्यांच्याच घरातून आलं. त्या दुसऱ्या प्रकरणात प्रश्न एवढाच होता, की त्यांच्या जागेवरची सुकवंताबाईची चहाची टपरी राहायची की उठायची. तेच सांगायला बसलोय. पण आधी माणूस सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल वकील फेकून राहिला.

माणूस बुटका, पोट पुढे, आवाज असा की मागच्या शिटावरचा झोपलेला पॅसेंजर उठून तिकीट मागेल. तीसेक वर्षं चालत्या गाडीत उभं राहिल्यामुळे जमिनीवर नीट उभं राहणं त्यांना जमतच नसे. पाय फाकवून उभे राहत आणि बोलता बोलता एक हात आपोआप वर जाई, दांडा धरायला. दांडा नसे. हात मग तसाच हवेत राही. नवखा माणूस बिचारा समजे, आशीर्वाद देऊन राहिले.

आणि तोंडात एकच मंत्र. "सरका जी, जागा होते." लग्नाच्या पंगतीत, ग्रामसभेत, रेशनच्या रांगेत, सगळीकडे तेच. एकदा एका मौतीत लोक अंगणात दाटीने उभे होते, तर काकाजी सवयीने म्हणाले, "पुढं सरका जी, पुढं सरका, मागं लोक उभे हायेत." पुढे फक्त तिरडी होती! पुढच्या रांगेतले दोन म्हातारे असे काही दचकले, की त्या दिवसापासून त्यांनी काकाजींच्या पुढे उभं राहणं सोडलं.

त्यांची नोकरी मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. मी नवा वकील होतो, त्यांच्या गाडीने कोहमाऱ्याहून देवरीला येत होतो. वाटेत एक म्हातारा बकरी खांद्यावर घेऊन चढला. बकरीचा पाय मोडलेला. काकाजींनी तिला दोन शिटांच्या मधे पोत्यावर निजवली. पुढच्याच थांब्यावर तपासणी पथकाचे साहेब चढले. साहेबांची इस्त्री कडक आणि मिशी त्याहून कडक.

"कंडक्टर, हे काय आहे?"

"बकरी हाये जी."

"ते मला दिसतंय. जनावर गाडीत घ्यायचा नियम आहे का?"

"नाई जी. पन तिचा पाय मोडला हाये. दवाखान्यात चालली. तिले नियम वाचता येत नाई, तुमाले येते. म्हनून तुमीच थोडं सरका."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. पण गाडी भरलेली, उभं राहायला जागा नाही. नाइलाजाने बकरीजवळच्या शिटावर टेकले आणि खिशातून पेन काढून मेमो लिहायला लागले. रस्ता त्या वेळी कसा होता ते आमच्या लोकांना सांगायला नको. एक खड्डा आला, बकरी ओरडली. दुसरा आला, आणखी ओरडली. तिसऱ्या खड्ड्याला साहेबांनी पेन खिशात ठेवलं आणि तो मोडका पाय दोन्ही हातांनी धरला. देवरी येईतो बकरीचं डोकं साहेबांच्या मांडीवर आणि साहेब ड्रायव्हरवर खेकसताहेत, "अरे हळू चालव बे! दिसत नाही का, तिला दुखून राहिलं!"

खाली उतरल्यावर साहेबांनी मेमो मात्र दिलाच. काकाजींनी तो घेतला, डोक्याला लावला आणि सही केली. मी तावातावाने म्हणालो, "काकाजी, हा अन्याय आहे, अपील करा." तर म्हणतात, "कायले? साहेबाचं काम साहेबानं केलं, माहं मी केलं, अन् बकरी दवाखान्यात पोचली. आता भांडन कोनाशी करू?" असा पक्षकार असेल तर वकिलाने खावं काय, तुम्हीच सांगा!

रिटायर झाले तेव्हा आगारातल्या मित्रांनी त्यांना शाल आणि नारळासोबत एक शीट दिली. भंगारात निघालेल्या गाडीची, दोन माणसांची, हिरव्या रेक्झिनची शीट. मागे पांढऱ्या अक्षरात लिहिलेलं, 'महिलांसाठी राखीव'. काकाजींनी ती हायवेच्या थांब्यावर, आपल्याच जागेवर, सुकवंताबाईच्या टपरीसमोर नेऊन ठेवली. तंटामुक्त समितीचे अध्यक्ष झाले आणि तीच शीट त्या गावचं कोर्ट झाली.

रीत अशी. भांडणारे दोघं त्या शिटावर मांडीला मांडी लावून बसणार. वेगळी खुर्ची मिळणार नाही. आणि आपली तक्रार सांगायची नाही! आधी समोरच्याची बाजू आपण सांगायची, तीही अशी, की समोरचा "बराबर" म्हणाला पाहिजे. मग त्याने आपली सांगायची. काकाजी तिकिटाला भोक पाडायचा जुना पंच घेऊन शिटाच्या दांड्यावर ठोकत. एक टक म्हणजे थांब, भलतीकडे चालला. दोन टक म्हणजे तंटा मिटला, सुटा.

आणखी एक भानगड होती. शीट गाडीतून उपटलेली, खाली नटबोल्ट नाहीत, नुसती विटांवर ठेवलेली. एक जण रागाने उठला की दुसऱ्याच्या वजनाने ती कलंडायची आणि बसलेला बदकन खाली. पहिल्या महिन्यात गावातल्या बऱ्याच प्रतिष्ठित लोकांची कंबर धरली. म्हणून नियमच पडला, की उठायच्या आधी शेजारच्याला विचारायचं, "उठू का गा?" आता ज्याच्या नावाने सकाळपासून शिव्या देऊन राहिलो, त्यालाच "उठू का" म्हणून विचारायचं म्हणजे अर्धा राग तिथेच उतरतो.

सोमाजी आणि दसाराम या दोन भावांचा धुऱ्याचा दावा मी तयार करून ठेवला होता. दोघांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, लागून आणि मधे मातीचा धुरा, म्हणजे हद्दीचा बांध. सोमाजी म्हणे दसाराम धुरा कोरतो. कागद तयार, तारीख ठरायची बाकी. तेवढ्यात काकाजींनी दोघांना शिटावर बसवलं.

सोमाजीने सुरुवात केली. "दसाराम म्हन्ते का, मी दर साली धुरा कोरतो अन् माती आपल्या बांधीत वढतो."

"बराबर?" काकाजींनी विचारलं.

"एकदम बराबर," दसाराम म्हणाला.

"आता तू सोमाजीचं सांग."

दसाराम खाली बघत म्हणाला, "सोमाजी म्हन्ते का, मी बी कोरतो."

"बराबर," सोमाजी म्हणाला.

काकाजींनी एक टक दिला. "दोघं बी कोरता, तं मंग धुरा उरला कुठं?"

सगळं गाव बघायला गेलं. धुरा दोन्हीकडून इतका कोरलेला, की त्यावरून बगळासुद्धा पाय जोडून चालत होता. दोघं भाऊ आधी हसले, मग फावडी आणायला गेले. माझा दावा चहाच्या घोटाबरोबर खलास! सुकवंताबाईने वर मलाच चहा पाजला आणि म्हणाली, "तोंड काऊन पाडून बसले, वकीलसाब? एक आलुबोंडा खा."

मी चिडलो होतो. सरळ काकाजींना म्हणालो, "हे कायद्याचं राज्य आहे. तुम्ही असे दया वाटत बसलात, तर कायद्याचं काय होईल?"

काकाजींनी पंच खिशात टाकला. "वकीलसाब, एक सांगा. दया नसती तं कायदा लिवाची गरज का होती? ज्याचा जोर, त्याची शीट. दांडग्यानं बसाचं अन् बुढीनं उभं राहाचं. कोनाले तरी त्या बुढीची दया आली, म्हनून त्यानं शिटावर लिवलं, राखीव. कायदा तिथून आला. नाई, कायद्यात जागा लय हाये जी. तुमी लोक त्याच्यात पाय पसरून बसले हा."

मी वीस वर्षं शिकलो, वाचलो, युक्तिवाद केले, पण या वाक्याला उत्तर मला अजून सापडलेलं नाही. सापडलं की लगेच त्या टोल्यावर जाऊन सांगणार होतो. आता ऐकायला ते नाहीत.

पण तुम्ही म्हणाल, काकाजी म्हणजे मऊ माणूस, सगळ्यांना गोड बोलून मिटवणारा. तसं समजू नका! गावातली रमला म्हणून एक बाई, नवरा दारू पिऊन मारायचा. गावचे शहाणे म्हणाले, "दोघाले बसवा शिटावर, मिटून जाईल." काकाजी असे भडकले, की त्यांचा तसा आवाज गावाने तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "कोनाले सरक म्हनू मी? ते तं पहिलेच भिताडाले टेकली हाये. आनखी कुठं सरकन?" तिला घेऊन ते स्वतः बसने आले, ठाण्यात तक्रार दिली आणि तिथून तडक माझ्याकडे. "ही केस तुमी घ्या. इथं शीट नाई चालत. इथं कायदाच पाहिजे, पक्का, नटबोल्ट लावलेला." त्या गावातून येऊन टिकलेली पहिली केस ती. नवऱ्याला शिक्षा झाली. निकाल ऐकून काकाजी कोर्टाच्या दारात पाय फाकवून उभे होते, हात हवेत.

आता दुसरी.

काकाजींचा एकुलता एक मुलगा टेकचंद. रायपूरला एका कंपनीत नोकरी, पांढरी पँट, चकचकीत बूट, हातात कायम मोबाईल. तो लहान असतानाच त्याची आई वारली. काकाजींची ड्युटी मुक्कामी गाडीवर, आज इकडे तर उद्या तिकडे. पोरगं शाळेतून यायचं ते सुकवंताबाईच्या टपरीवर. तीही विधवा, मूलबाळ नाही. तिथेच खायचं, टपरीच्या फळीवर अभ्यास करायचा आणि तिथेच लुडकायचं. हे सगळ्या गावाला माहीत होतं. टेकचंदलाही माहीत होतं, पण रायपूरला राहून माणूस जरा विसरतो.

हायवे चौपदरी झाला आणि त्या जागेला भाव आला. टेकचंदने नकाशा काढून आणला. खाली दुकानांची शटरं, वर लॉज. नकाशात टपरीच्या जागी जिना होता. तो नोटीस द्यायला माझ्याकडे आला. जागा बापलेक दोघांच्या नावावर, सुकवंताबाईकडे एक कागद नाही. कायदा सरळ होता. मी, खोटं कशाला बोलू, आतून खूश! त्या टोल्यावरची केस, आणि तीही काकाजींच्या घरातली!

"पण तुझे वडील शिटावर बसवतील," मी म्हणालो.

"बिठाने दो ना, वकीलसाब. अपनी तयारी पूरी है," तो म्हणाला.

काकाजींनी बसवलंच. पण पंच माझ्या हातात दिला. "घरचा तंटा हाये. बापानं पोराचा न्याय करू नये. आज तुमी बेल द्या." मी म्हणालो, मी तर मुलाचा वकील. "म्हनूनच," ते म्हणाले आणि टपरीच्या खांबाला टेकून उभे राहिले. थांब्यावर अख्खं गाव जमलं. 'महिलांसाठी राखीव' या अक्षरांपुढे एका बाजूला पांढरी पँट, दुसऱ्या बाजूला सुकवंताबाई, पदराला हात पुसत. चहाचं आधण तसंच चुलीवर.

टेकचंदने तिची बाजू मांडली. काय मांडली! कंपनीच्या मीटिंगमध्ये बोलतात तसं बोटांवर मुद्दे मोजत. बाईचं पोट या टपरीवर आहे. इतक्या वर्षांपासून ती इथे बसते. या वयात दुसरीकडे गिऱ्हाईक मिळणार नाही. एक शब्द चुकला नाही आणि एक शब्द आतून आला नाही.

"बराबर?" मी विचारलं.

"बराबर हाये जी," सुकवंताबाई कौतुकाने म्हणाली. "मायाहून चांगलं सांगतलं पोरानं. लहानपनापासून हुशार हाये."

मग तिची पाळी. ती टेकचंदची बाजू सांगायला लागली. "ह्याचं रायपूरले भाड्याचं घर. दोन लेकरं. बापाची जागा रोडावर अन् हा परमुलखात धक्के खाऊन राहिला. बायको म्हनत असन, तुमच्या जागेवर चहावाली बसते अन् आपन काऊन भाडं भरतो? त्याचं का चुकलं? आजपावेतो त्यानं मले कदी उठ म्हटलं नाई. आता त्याच्या लेकराईचा सवाल हाये." एवढं बोलून ती माझ्याकडे वळली. "त्याचंच बराबर हाये, वकीलसाब. मलेच उठा लागन."

आणि उठली! विचारलं नाही, सांगितलं नाही, सरळ उठली. शीट कलंडली. पांढरी पँट कपबशा धुवायच्या घमेल्यात!

गाव खो-खो हसलं. मीही हसलो, हातात पंच असताना हसू नये इतकं हसलो. सुकवंताबाई मात्र घाबरून धावली. "अवो माय! लागलं का गा, बापू? कुठं लागलं?" त्याचा कोपर धरून त्यावर फुंकर घालायला लागली. एवढा मोठा बाप्या, दोन लेकरांचा बाप, आणि ती त्याच्या कोपरावर फुंकर घालतेय. टेकचंद उठेना. घमेल्यात तसाच बसून तिच्याकडे बघत राहिला.

रीतीप्रमाणे तंटा मिटला होता. दोघांचं एकमत झालं होतं. मी पंच उचलला. एक टक दिला, दुसरा देणार, तेवढ्यात काकाजींनी माझं मनगट धरलं.

"थांबा जी. मिटला नाई."

"काकाजी, तुमचाच नियम आहे. ती स्वतः म्हणाली—"

"पडला तो, पन जागा तिची गेली. हे सरकनं नोहोय, वकीलसाब. तिच्या मागं भिताड हाये." त्यांचा आवाज बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला तो आवाज मागच्या शिटापर्यंत पोचणार नाही असा वाटला.

त्यांनी शीट सरळ केली, विटा नीट लावल्या आणि स्वतः एका टोकाला बसले. "टेकचंद, बस इथं. आता माही बाजू सांग."

टेकचंद उठला. पँटमधून पाणी गळत होतं. बसला. मघाशी धडाधड बोलणारा पोरगा आता अडखळत बोलायला लागला.

"बाबा म्हन्तेत का..." रायपूरची हिंदी कुठल्या कुठे गेली होती. "बाबा म्हन्तेत का, मी ड्युटीवर राहो तवा..." त्याची नजर टपरीच्या त्या फळीवर गेली. सुकवंताबाईने चहा गाळून त्याच्या हातात दिला. त्याने कप घेतला, तिच्याकडे पाहिलं, मग बापाकडे वळून म्हणाला, "बाबा, सरका. मौशीले बसू द्या."

काकाजी सरकले. टेकचंद सरकला. दोघांच्या शिटावर तिघं बसले, कर्रकन आवाज झाला, पण कलंडली नाही. काकाजींनी डोळे पुसले. माझेही भरून आले होते, लपवत नाही. मी दोन टक दिले. माझ्या हातून मिटलेला तो एकमेव तंटा आणि त्यात माझी केस गेली.

आज तुम्ही हायवेने गेलात तर ती इमारत दिसेल. शटरं आहेत, वर लॉज आहे आणि समोरचा एक कोपरा कोणीतरी चावा घेतल्यासारखा आत गेलेला आहे. नवखे ड्रायव्हर विचारतात, ट्रक घुसला होता का? नाही. त्या चाव्यात सुकवंताबाईची टपरी आहे. इंजिनिअर डोकं आपटून म्हणाला होता, असा नकाशा कुठे असतो का? टेकचंद म्हणाला, "जिना मागं सरकवा." सिमेंट-विटांची इमारत सरकलेली मी तरी तेवढी एकच पाहिली.

काकाजी गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत गेले, कोणाला त्रास नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या थोडं आधी, बसमध्येच. मी देवरीला चढलो. गाडी खचाखच. हातात फाइली, अंगात कोट, कपाळावर आठ्या. मागून हाक आली, "या वकीलसाब, जागा हाये!"

तिघांच्या शिटावर चौघं बसले होते. जागा कुठली! पण काकाजी सरकले, मग बाकीचे सरकले आणि मी कसाबसा खिडकीशी टेकलो. त्यांचं अर्धं अंग बाहेर लोंबत होतं.

"काकाजी, तुम्हीच पडाल."

"पडत नाई जी. येवढी वर्षं उभा होतो. अर्धं बसाले भेटलं, लय झालं."

त्यांच्या थांब्यावर गाडी उभी राहिली. गुडघे दुखत होते, काठी टेकत हळूहळू उतरले. खाली उतरून त्यांनी गाडीच्या पत्र्यावर थाप मारली, थप थप. ड्रायव्हरने गाडी सोडली! पुढे तिकीट फाडत असलेली कंडक्टर पोरगी ओरडली, "बेल कोनं दिली?" ड्रायव्हर म्हणाला, "वाजली ना आता."

मी खिडकीतून मागे पाहिलं. टपरीसमोर, धुरळ्यात, काकाजी पाय फाकवून उभे होते आणि एक हात वर. मी घाईने हात केला. गाडी वळणावर गेल्यावर लक्षात आलं, तो हात मला केलेला नव्हता. ते दांडा धरून उभे होते.

त्यांची अर्धी जागा रिकामी होती. पुढे एक म्हातारी डोक्यावर टोपली घेऊन उभी होती, गाडीबरोबर डोलत होती. मी फाइली मांडीवर घेतल्या आणि शेजारच्याला म्हणालो, "सरका जी, जागा होते."